‘ब्रेकिंग बॅड’: वॉल्टरची साथ तुम्ही कुठे सोडलीत?

घाटपायथा

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांनी इथेच थांबा, पुढे सगळं फोडलंय.

गेल्या महिन्यात ‘ब्रेकिंग बॅड’ दुसऱ्यांदा पाहिली. पहिल्यांदा पाहिली ती २०१४ मध्ये, मालिका संपून वर्षही झालं नव्हतं. तेव्हा लग्न व्हायचं होतं. रूमवर चौघांनी मिळून रात्री जागवून ६२ भाग फस्त केले होते. आता मुलगी नऊ वर्षांची आहे आणि त्याच मालिकेत भलतंच काही दिसायला लागलंय.

सुरुवात आठवा. अमेरिकेतल्या अल्बुकर्की शहरातला पन्नाशीचा वॉल्टर व्हाइट. शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, पगारात भागत नाही म्हणून शाळा सुटली की गाड्या धुण्याच्या सेंटरवर गल्ल्यावर बसतो. मालक त्याला गल्ल्यावरून उठवून बाहेर गाड्या पुसायला पाठवतो. तो खाली वाकून चाक घासतोय, आणि गाडी निघते त्याच्याच वर्गातल्या टवाळ पोराची. त्या प्रसंगात मी त्याचा झालो. पुढे त्याला फुप्फुसाचा कॅन्सर निघतो, तो जेसी नावाच्या जुन्या विद्यार्थ्याला हाताशी धरून क्रिस्टल मेथ नावाचा अमली पदार्थ बनवायला लागतो, तरी मी त्याचाच.

पण या वेळी त्याचं एक पालुपद कानाला खटकत राहिलं. हे सगळं मी घरच्यांसाठी करतोय. दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला तो हिशेब मांडतो: दोन मुलांचं कॉलेज, घराचं कर्ज, घरखर्च, वर महागाई, सगळं धरून ७,३७,००० डॉलर. एवढे जमले की बंद. पाचव्या सीझनमध्ये त्याची बायको स्कायलर त्याला भाड्याने घेतलेल्या एका खोलीत नेते आणि चादर बाजूला करते. खाली नोटांचा ढीग, चांगला दिवाणाएवढा. मोजणं तिने केव्हाच सोडलंय, कसर लागू नये म्हणून फक्त औषध फवारते. आणि विचारते, अजून किती मोठा झाला की पुरे?

तो भाग पाहिला त्याच आठवड्यात मी लागोपाठ तिसऱ्या शनिवारी ऑफिसला निघालो होतो. मुलीचं तोंड उतरलं. बूट घालता घालता मी म्हणालो, “अगं, तुमच्यासाठीच करतोय ना!” ती म्हणाली, “मी कुठे सांगितलं होतं?” दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

म्हणून दोन प्रश्न. वॉल्टरची साथ तुम्ही नेमकी कुठे सोडलीत? आणि मालिका संपल्यावर त्यातलं काय तुमच्या घरात शिरलं?

रातकिडा

जेन. दुसरा सीझन. त्यानंतर फक्त जेसीसाठी बघत राहिलो.

वेल्हाळ

रातकिडा, +१.

तो हात डोळ्यांसमोरून जात नाही. जेसीची मैत्रीण जेन नशेत उताणी पडलीय, उलटी घशात अडकलीय. वॉल्टर लगबगीने पलंगाशी जातो आणि तिथेच गोठतो. त्याचे डोळे भरून येतात, पण हात काही पुढे होत नाही. कुशीवर वळवायचं होतं फक्त. पुढे तिचे वडील, जे आकाशातल्या विमानांना रस्ता देण्याचं काम करतात, पोरीच्या दुःखातून सावरायच्या आधीच कामावर रुजू होतात आणि दोन विमानं शहरावर एकमेकांना धडकतात. १६७ माणसं जातात.

पहिल्यांदा पाहताना हे ओढूनताणून जुळवल्यासारखं वाटलं होतं. पण मी साथ सोडली ती त्याच्याही पुढे, तिसऱ्या सीझनच्या पहिल्या भागात. शाळेत सगळी मुलं जमलीत, काही रडतायत, आणि हा माईक हातात घेऊन त्यांना समजावतो की विमान अपघातांच्या यादीत हा जेमतेम पन्नासावा आहे, लोक विसरतात, आपणही विसरू. स्वतःच्या मनाला घातलेली समजूत तो पोरांच्या गळ्यात उतरवत होता. टीव्ही बंद करून उठले मी.

गोट्या_नाशिककर

मी उलटं बोलणार आहे, धोपटू नका. मी शेवटपर्यंत त्याच्याच बाजूने होतो.

इथे बसून नीतीच्या गप्पा मारणं सोपं आहे. ज्याचा मुलगा अपंग, बायको या वयात गरोदर, आणि चांगल्या डॉक्टरकडचा खर्च पदरचे ९०,००० डॉलर, अशा मास्तरने करायचं काय? मुलाबाळांना कर्जात लोटून मरायचं? दोष त्या व्यवस्थेचा आहे. माझ्या काकांच्या केमोच्या वेळी आम्ही काय काय गहाण टाकलं ते आम्हाला ठाऊक. वॉल्टरला शिव्या देणाऱ्यांनी एकदा हॉस्पिटलच्या बिलाच्या खिडकीसमोर उभं राहून यावं.

रसायनी

गोट्या, काकांचं वाचून वाईट वाटलं, आणि तो राग मला पूर्ण समजतो. पण वॉल्टरला ती सबब चालत नाही. पहिल्याच सीझनचा पाचवा भाग परत बघा.

त्याचा जुना मित्र एलियटचा वाढदिवस. दोघांनी मिळून कंपनी काढली होती, वॉल्टर आपला वाटा पाच हजार डॉलरला विकून बाहेर पडला आणि पुढे कंपनी अब्जावधींची झाली. पार्टीत लोकांनी महागामोलाच्या भेटी आणल्यात. याने आणलंय नूडल्सचं स्वस्तातलं पाकीट, कारण शिकत असताना दोघं त्यावरच दिवस काढायचे. एलियट ते पाकीट उघडून जितका खूश होतो तितका कशानेच होत नाही. मग तो वॉल्टरला नोकरी देऊ करतो, उत्तम विम्यासकट. मागून एलियटची बायको ग्रेचेन फोन करून म्हणते, उपचाराचे सगळे पैसे आम्ही देतो. हा नाही म्हणतो. आणि घरी बायकोला सांगतो की तेच देतायत!

म्हणजे पैशाची सोय झाली होती. ती घेण्यासाठी मान जरा खाली घालावी लागली असती, एवढंच. मी त्याची साथ तिथेच सोडली, पाचव्या भागात.

मी स्वतः अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, म्हणून अजून थोडं. पहिल्या भागात तो ज्योतीवर द्रावणं फवारून रंग बदलून दाखवतो आणि म्हणतो, रसायनशास्त्र म्हणजे बदलाचा अभ्यास. इतका जीव ओतून शिकवतो आणि मागच्या बाकावर कोणाचं लक्ष नाही. त्या क्षणाला माझ्या पोटात कालवलं. मालिकेला ओक्लाहोमा विद्यापीठातल्या प्राध्यापक डॉना नेल्सन यांचा सल्ला होता, त्यामुळे फळ्यावरची सूत्रं बघायला मजा येते. वॉल्टरच्या मालाचा निळा रंग मात्र निव्वळ कथेतला. शुद्ध मेथ बिनरंगाचं असतं.

आणि हे सगळं अल्बुकर्कीत घडतं, आपल्याकडे नाही, असं कोणी समजू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या एमआयडीसीतल्या कारखान्यातून शेकडो किलो मेफेड्रोन, म्हणजे पोरं ज्याला एमडी म्हणतात ते, पकडलं. माझा एक जुना विद्यार्थी एमएस्सी होऊन नोकरी शोधत होता. त्याला तिप्पट पगार देऊ केला होता, रात्रपाळी, आणि मालाचं नाव कोणी सांगेना. त्याने वहीच्या पाठपानावर रेणूची आकृती काढून आणली, “मॅडम, हे काय असेल?” बघितल्याबरोबर माझे हात गार पडले. म्हटलं, उद्यापासून त्या गेटच्या आसपासही फिरकू नकोस. आता तो एका रंगाच्या कारखान्यात आहे, पगार बेताचा आहे, दर दिवाळीला भेटायला येतो.

चहाबाज

रसायनीताई, शेवटचा परिच्छेद वाचून अंगावर काटा आला.

आमच्या बारावीच्या प्रॅक्टिकलला अज्ञात क्षार ओळखायचा असायचा, आम्ही चव घेऊन ओळखायला निघालो होतो. परीक्षक म्हणून वॉल्टर आला असता तर त्याच्या मालाच्या ९९.१ टक्के शुद्धतेच्या खाली सगळी तुकडी नापास!

अबोली

रसायनी, त्या पाच हजारांबद्दल पूर्ण अनुमोदन. मला स्कायलरबद्दल बोलायचंय.

ती भूमिका करणाऱ्या अ‍ॅना गन यांच्यावर प्रेक्षकांनी इतका राग काढला की २०१३ मध्ये त्यांना वर्तमानपत्रात लेख लिहावा लागला. नवरा विष बनवतो, माणसं मारतो, आणि लोकांना डाचते कोण, तर “कुठे होतास?” असं विचारणारी बायको! पहिल्या वेळी मलाही ती किरकिरी वाटली होती, हे लिहिताना आज त्रास होतोय.

दुसऱ्या वेळी नाही वाटली, कारण मधल्या काळात माझ्याकडे तेच घडलं. नवरा शेअर बाजारात ऑप्शनमध्ये पैसे घालत होता. आठ महिने मला पत्ता नाही. मी विचारायचे, काय झालंय, झोप का नाही? तो म्हणायचा, काही नाही, ऑफिसचं टेन्शन. शेवटी मुलाच्या फीसाठी ठेवलेली एफडी मोडायला गेले तेव्हा बँकेतल्या बाईंनी सांगितलं, ही तर जानेवारीतच मोडलीय. मी काउंटरवर उभी, हातात पावती. घरी आल्यावर तो म्हणाला, “तुला काळजी नको म्हणून सांगितलं नाही. तुमच्यासाठीच चाललं होतं.”

ऑपरेशनच्या आधी गुंगीत असलेल्या वॉल्टरला स्कायलर विचारते, फोन आणलास ना? आणि तो बोलून जातो, “कुठला?” त्या एका शब्दात तिला सगळं कळतं. तो प्रसंग दुसऱ्यांदा आला तेव्हा मी रडले.

आमचं आता ठीक आहे. कर्ज फिटत आलंय. दर महिन्याच्या पाच तारखेला दोघं बसून दोन्ही खाती उघडतो.

वेल्हाळ

अबोली, टडोपा (टचकन डोळ्यांत पाणी).

गोट्या_नाशिककर

अबोलीताई, काय बोलू. तुमच्या पाच तारखेला सलाम.

रसायनीताई, पार्टीचा मुद्दा मान्य. पण अहो, आयुष्यभर ज्याला सगळ्यांनी पायदळी तुडवलं त्याला भीक नको वाटणं चूक आहे का? घरचे सगळे उशी हातोहात फिरवून बोलतात तो प्रसंग आठवा, ज्याच्या हातात उशी त्याने बोलायचं. उशी त्याच्याकडे येते तेव्हा तो म्हणतो, आयुष्यात मला खऱ्या अर्थाने कधी काही निवडताच आलेलं नाही. त्या वाक्याला मी त्याच्यासोबत होतो. आजही आहे.

रसायनी

त्या वाक्याला मीही आहे, गोट्या. तो उपचार नको म्हणाला असता तर मी त्याच्या बाजूने भांडले असते. पण त्याच्या निवडीची किंमत दुसऱ्यांनी मोजली. जेनने, त्याच्यासोबत मेथ बनवणाऱ्या गेलने, बरणीत कोळी पकडून वाळवंटात फिरणाऱ्या त्या पोराने.

सांडिया

मी अल्बुकर्कीत अकरा वर्षं राहतोय, या धाग्यावर न लिहून कसं चालेल!

मालिकेत ज्या घराच्या छपरावर वॉल्टर रागाने पिझ्झा भिरकावतो, ते खरं कोणाचं तरी घर आहे. चाहते येऊन तिथे खरोखरचे पिझ्झे फेकायला लागले. शेवटी मालिकेचा निर्माता व्हिन्स गिलिगनने जाहीरपणे सांगितलं की हे थांबवा, हे विनोदी नाही. पाहुणे आले की मला म्हणतात, चल घर दाखव. मी नेत नाही. लोक राहतात तिथे.

त्याऐवजी मी त्यांना संध्याकाळी सांडिया डोंगर दाखवतो. सांडिया म्हणजे स्पॅनिशमध्ये कलिंगड. सूर्य मावळताना डोंगर खरोखर कलिंगडाच्या गरासारखा लाल होतो. ऑक्टोबरमध्ये फुग्यांचा मोठा मेळा भरतो, सकाळी चहाचा कप घेऊन अंगणात आलं की आकाशभर फुगे. आणि त्याच्या जरा आधी हिरव्या मिरच्यांचा हंगाम. दुकानांबाहेर जाळीच्या गोल पिंपात मिरच्या भाजतात, पिंप फिरत राहतं, खाली गॅसचा फरारा. तो खमंग वास आला की मला आईच्या चुलीवरचा ठेचा आठवतो आणि पाय हलत नाहीत.

२०२२ मध्ये इथल्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये वॉल्टर आणि जेसीचे पुतळे बसवले. माझी शेजारीण, सत्तरीची, तिचा नातू नशेपायी गेला. ती मला म्हणाली, “यांचे पुतळे. माझ्या पोराचा फोटो फक्त माझ्या फ्रिजवर.” मालिका मला फार आवडते. पण त्या इमारतीत गेलो की मी पुतळ्यांकडे बघू शकत नाही.

दुपारची_चाळ

भाजलेल्या मिरच्यांचं सविस्तर लिहा हो, सोलून शिजवतात की तशाच? फ्रीझरमध्ये राहतात का?

सांडिया

सोलायच्या, बिया काढायच्या, पिशव्या भरून फ्रीझरला. वर्षभर टिकतात. मी पिठल्यात घालतो. वेगळा धागा काढतो, इथे मार बसेल.

चहाबाज

मेथच्या धाग्यावर पिठल्याची पाककृती! हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

मुक्काम_पोस्ट

बरेच दिवस वाचतोय, आज लिहितो.

मला मालिकेत एक उणीव जाणवते. बनवणारे, विकणारे, पकडणारे सगळे तपशिलाने दिसतात. घेणारे फार थोडे. ज्या भागात दिसतात तो माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग. दुसऱ्या सीझनमध्ये जेसी चोरीला गेलेला माल परत मिळवायला एका व्यसनी जोडप्याच्या घरी जातो. तिथे लाल केसांचं, मळकं, मुकं मुकं पोरगं. जेसी पिस्तूल बाजूला ठेवून त्याच्याशी ‘भॉक’ करून खेळतो. शेवटी त्याला पांघरुणात गुंडाळून बाहेर बसवतो आणि निघून जातो. वॉल्टर एवढे डॉलर मोजतो, पण हे घर त्याने कधी पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर, असं मला सारखं वाटतं.

ते घर मला माहीत आहे. ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, आलं तेव्हा माझा मोठा भाऊ एकोणीसचा होता. आम्ही लालबागला राहायचो, वडील गिरणीत होते, संप होऊन गेला होता, घरात चूल कशीबशी पेटत होती. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद मोरीत जळका सापडायचा, आईला वाटायचं पोरं खेळतात. मग तांब्यापितळेची भांडी जायला लागली. आधी डबे, मग परात, मग आजीची घागर. घागरीच्या दिवशी आईला कळलं. ती ओरडली नाही. मांडणीवर घागरीचा गोल डाग राहिला होता, तो ती फडक्याने पुसत बसली.

डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं होतं. कोणीतरी पत्ता दिला, वडील भावाला घेऊन गेले. पहिल्या वेळी टिकलं नाही. दुसऱ्या वेळी टिकलं. आज तो एकसष्टचा आहे, नातवाला शाळेत सोडायला जातो. मी साथ कुठे सोडली असं विचाराल तर, पहिल्या भागात वॉल्टर फिरत्या गाडीत जेसीसोबत पहिलं गाळप उतरवतो आणि आनंदाने त्याकडे बघतो, तिथेच. माझ्या भावाच्या वेळी हे बनवणारा पण असाच कुठेतरी उभा असेल.

रातकिडा

मुक्काम_पोस्ट, तुमच्या आईंना नमस्कार.

अबोली

तो गोल डाग. आज दुसरं काही वाचणार नाही.

गोट्या_नाशिककर

दादा, मी माझं आधीचं लिहिलेलं पुसत नाही, पण त्यात हे घर नव्हतं. भावाला माझा नमस्कार सांगा.

हवालदिल

हँकबद्दल कोणी बोलणार की नाही? वॉल्टरचा साडू, अमली पदार्थवाल्यांना पकडणारा अधिकारी. सुरुवातीला आचरट विनोद करणारा, आणि शेवटी वाळवंटात गुंडांसमोर जखमी पडलेला असताना जिवासाठी एक शब्द मागत नाही. उलट वॉल्टरलाच सांगतो, तू एवढा हुशार आणि तुला एवढं दिसत नाही, यांनी दहा मिनिटांपूर्वीच ठरवलंय. मला मालिकेतला सगळ्यात सरळ माणूस तोच वाटला. अंथरुणाला खिळल्यावर दगड गोळा करत बसतो तेही आवडलं.

चहाबाज

दगड नाहीत हो, खनिजं! हँक वरून ओरडेल.

निळावंती

तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय, कारण काल रात्री शेवटचा भाग संपवला आणि झोप नाही.

घाटपायथा यांच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: शिट्टी. त्या कोळीवाल्या पोराला वॉल्टरच्याच टोळीतल्या टॉडने गोळी घातल्यावर वॉल्टर जेसीला सांगतो, मलाही झोप लागत नाही. जेसी वळतो, आणि मागून वॉल्टरची कामाच्या नादात घातलेली शिट्टी ऐकू येते. जेसीचा चेहरा बघा तेव्हा. मीही तिथेच वळले.

पण शेवटच्या भागात स्कायलरच्या स्वयंपाकघरात तो येतो. ती म्हणते, घरच्यांसाठी केलं हे अजून एकदा ऐकवणार असशील तर... आणि तो म्हणतो, मी माझ्यासाठी केलं. मला आवडत होतं. मला ते जमत होतं. ते ऐकून मला त्याच्याबद्दल पुन्हा काहीतरी वाटलं. तुम्हाला नाही वाटलं का?

रसायनी

वाटलं. तेवढं एक खरं बोलायला ६२ भाग लागले. तोवर मुलगा फोनवर म्हणून बसला होता, तू अजून मरत का नाहीस.

वेल्हाळ

निळावंती, स्कायलरचा चेहराही बघा. तिला क्षमा सुचत नाही, पण पहिल्यांदाच श्वास सोडल्यासारखी दिसते. ती मुलीला झोपेत बघू देते ते त्या वाक्यामुळेच.

घाटपायथा

सगळ्यांचे आभार. मुक्काम_पोस्ट यांचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला, मधेच आवाज गेला माझा, पुढचं तिने वाचलं.

त्या रात्री आम्ही बोललो. मी तिला म्हणालो, शनिवारचं काम मी पैशांसाठी घेत नाही, हप्ते त्याशिवायही जातात. हे प्रोजेक्ट मी उभं केलंय आणि ते दुसऱ्या कोणाच्या हातात गेलेलं मला बघवत नाही. मला ते आवडतं. ती म्हणाली, “हे मला सहा महिने माहितीय. तू सांगायची वाट बघत होते.”

परवाच्या शनिवारी गेलो, खोटं नाही सांगत. पण बूट घालताना मुलीला म्हणालो, “मला जायचंय म्हणून जातोय. तुझ्यासाठी नाही.” तिने जरा विचार केला आणि विचारलं, “मग माझ्यासाठी किती वाजता येणार?” साडेचार म्हणालो. ट्रॅफिकमुळे पावणेपाच झाले. ती जिन्यात खालच्या पायरीवर पत्त्यांचा कॅट घेऊन बसली होती.